उत्तरेच्याही उत्तरेला दक्षिण

आई-बाबा दुसऱ्यांदा आमच्याकडे मिल्टन कीन्सला आले, तेव्हा आमच्या भागातल्या दिव्याच्या खांबांवर झेंडे लागलेले होते. पांढऱ्यावर लाल क्रॉस. एअरपोर्टवरून येताना आईनं एका राउंडअबाउटवर पाहिले, दुसऱ्यावर पाहिले आणि कौतुकानं म्हणाली, "एवढी रक्तदान शिबिरं भरतात होय गं इथं?"

नवरा गाडी चालवता चालवता हसला. मी म्हटलं, "आई, तो इंग्लंडचा झेंडा आहे."

"मग तो पट्ट्यापट्ट्यांचा? निळा-लाल?"

"तो ब्रिटनचा."

"आणि तुमचं हे गाव कशात येतं?"

"दोन्हीत."

आता बाबांना राहवेना. माझे वडील भूगोलाचे मास्तर. सांगलीजवळच्या एका हायस्कुलात त्यांनी आयुष्य काढलं, आणि रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी नकाशाचा विषय निघाला की त्यांचा हात हवेत खडू शोधायला लागतो. मागच्या सीटवरून त्यांनी धडा घेतला. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन. त्यात उत्तर आयर्लंड मिळवलं की युनायटेड किंग्डम. उरलेलं आयर्लंड हा स्वतंत्र देश, राजधानी डब्लिन. "नववीला होतं," ते आईला म्हणाले, जणू तीच नववीत गैरहजर होती.

"पण झेंडे आत्ता कशाला लावलेत? सण आहे का काही?"

ह्यावर एकमत नव्हतं. कुणी म्हणत होतं फुटबॉलसाठी, कुणी म्हणत होतं फुटबॉल कसला, तो आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना दिलेला निरोप आहे. आमच्या शेजाऱ्यानंही एक लावला होता. आम्ही कामावर असताना आमची पार्सलं घेऊन ठेवतो तोच हा शेजारी. त्याच्या मनात नेमकं काय आहे हे विचारायचं मी रोज ठरवत होते आणि रोज नुसतंच "मॉर्निंग" म्हणून हॉस्पिटलला जात होते. मी तिथे फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांना सांगते, पाय इथे ठेवा, वजन इकडे टाका. झेंड्याखालून जाताना मात्र माझं मलाच कळायचं नाही, वजन कुठल्या पायावर टाकायचं.

दोन-तीन दिवसांनी बाबांनी माझा पासपोर्ट बघायला मागितला. मी ब्रिटिश झाल्यापासून त्यांनी तो हातात घेतला नव्हता. चष्मा लावून त्यांनी मुखपृष्ठावरचं देशाचं सगळं नाव मोठ्यानं वाचलं. 'ग्रेट ब्रिटन अँड नॉर्दर्न आयर्लंड' ह्यातल्या 'अँड'वर ते थांबले.

"तू इंग्लिश का ब्रिटिश?"

"ब्रिटिश."

"इंग्लिश नाही?"

"नाही, बहुतेक."

"राहतेस इंग्लंडात आणि इंग्लिश नाहीस. उत्तर आयर्लंड कधी बघितलं नाहीस, पण ते तुझ्या पासपोर्टवर आहे." त्यांनी पासपोर्ट परत केला. "मग तू नक्की कुठली गं?"

"मिल्टन कीन्सची," मी म्हटलं. त्यांना ते टाळाटाळीचं वाटलं, आणि ते होतंही तसंच.

उत्तर आयर्लंडला जायची कल्पना त्यातूनच निघाली. तिथल्या समुद्रकाठी बेसॉल्टचे षट्कोनी खांब आहेत, हजारोंनी, कुणी फरशी घातल्यासारखे. बाबांनी ते फळ्यावर काढून मुलांना शिकवलेले. आपल्याकडेही पन्हाळ्याच्या बाजूला तसा खडक आहे, पण हे जगप्रसिद्ध. नवऱ्यानं ल्यूटनहून बेलफास्टची विमानाची तिकिटं काढली, पुढे भाड्याची गाडी. विमानतळावर बाबांनी पासपोर्ट पुढे केला. दाराशी उभ्या असलेल्या मुलीनं फोटो बघितला आणि परत दिला.

"शिक्का?" बाबांनी विचारलं.

"देशातल्या देशात शिक्का नसतो," मी म्हटलं.

"मग पासपोर्ट कशाला बघितला?"

"माहीत नाही, बाबा."

खांब बघून झाले. बाबा लहान मुलासारखे एका खांबावरून दुसऱ्यावर पाय टाकत होते आणि आई वाऱ्यानं उडणारा पदर सांभाळत "अहो, घसराल" म्हणत होती. सगळा दिवस छान गेला. गोंधळ सुरू झाला तो तिथून डेरीकडे जाताना.

एका गावात खांबाखांबावर झेंडे होते, पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि मधोमध एक लाल हात. आई म्हणाली, "पंजा! निवडणूक लागलीय वाटतं." पुढे शेतं, मेंढ्या, मग शहर आलं, आणि तिथं एका गल्लीच्या तोंडाशी आई एकदम ओरडलीच, "अगंबाई, आपला तिरंगा!"

खरंच, वारा पडला होता आणि खांबांवरून हिरवा, पांढरा, केशरी असे झेंडे लोंबत होते. आईनं गाडीत बसल्या बसल्या हात जोडले. आपलं कुणीतरी इथं राहत असणार, थांबून बघू या का, असंही म्हणाली.

"चक्र कुठाय?" बाबा म्हणाले. "पट्टे उभे आहेत. आयर्लंडचा आहे तो."

"पण हे तर उत्तर आयर्लंड ना? म्हणजे ब्रिटन?"

"हो."

"मग ब्रिटनमध्ये आयर्लंडचा झेंडा कसा?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी नवऱ्याकडे, आणि नवरा रस्ता दाखवणाऱ्या सॅटनॅव्हकडे. सॅटनॅव्हला त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं. शहराच्या पाटीवर 'लंडनडेरी' लिहिलं होतं आणि त्यातलं 'लंडन' कुणीतरी काळ्या रंगानं फासून टाकलं होतं. ब्रिटनमध्येच राहू म्हणणारे लंडनडेरी म्हणतात आणि आयर्लंडमध्ये जाऊ म्हणणारे नुसतं डेरी, हे मला नंतर कळलं. आम्ही उतरलो त्या बेड अँड ब्रेकफास्टच्या मालकीणबाईंना बाबांनी आल्या आल्या विचारलं की गावाचं खरं नाव कुठलं. "विचारणारा कोण आहे ते बघून सांगते," त्या म्हणाल्या आणि आमच्या बॅगा आत घेतल्या. बाबा रात्री झोपताना मला म्हणाले, "त्यांनी नाव सांगितलंच नाही गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता त्याच बाई म्हणाल्या, "अगदी वरच्या टोकाला जाऊन या. मॅलिन हेड. आख्ख्या आयर्लंडचं सगळ्यात उत्तरेचं टोक. तासाभराचा तर रस्ता आहे."

बाबांचे डोळे चमकले. कन्याकुमारीला जाऊन आलेला माणूस. टोक म्हटलं की त्यांना तिथं उभं राहायचंच असतं. आणि सगळ्यात उत्तरेचं टोक आहे म्हणजे ते उत्तर आयर्लंडातच असणार, ह्यात आमच्यापैकी कुणालाच शंका आली नाही. बाबांनाही नाही. नवऱ्यानं सॅटनॅव्हमध्ये नाव घातलं आणि आम्ही निघालो.

उजव्या हाताला खाडी, डावीकडे हिरव्या टेकड्या. माझा फोन वाजला. 'वेलकम टू आयर्लंड.' मी लक्ष दिलं नाही, कारण आदल्या संध्याकाळी डेरीच्या तटावर उभी असतानाही तो हेच बोलला होता. थोड्या वेळानं वळणावळणाच्या रस्त्यावर ऐंशीची पाटी दिसली. नवरा म्हणाला, "एवढ्याशा रस्त्यावर ऐंशी मैल? वेडे आहेत का हे लोक?" आणि पन्नासवर राहिला. गावांची नावं दोन भाषांत लिहिलेली होती. मी म्हटलं, वेल्समध्येही असंच असतं. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे काहीतरी कारण तयार होतं.

मॅलिन नावाच्या गावी चहाला थांबलो. टोक तिथून आता जवळच होतं. बाबांना भिंतीतली टपालपेटी दिसली. हिरवीगार. ते जवळ गेले, वाकून बघितलं, बोट फिरवलं आणि समाधानानं परत आले. "हिरवी रंगवलीय, पण रंगाखाली मुकुट आहे. राजाची अक्षरंही आहेत. म्हणजे ब्रिटनचीच." आम्ही आत गेलो.

चहाचं दुकान छोटंसं, चार टेबलांचं. चालवणारी बाई पन्नाशीची असेल, बोलणं भरभर आणि गाण्यासारखं, त्यातलं निम्मं कळायचं. आईला ह्या वेळी स्वतःच्या पाकिटातून चहा पाजायचा होता. तिनं पाउंडाची नोट दिली आणि बाईनं तिच्या हातावर नाणी ठेवली. आईनं एक उलटसुलट केलं. "ही वीणा कशी काय ह्यांच्या नाण्यावर?"

नवऱ्यानं नाणं घेतलं. मग भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघितलं. त्याचा चेहरा बदलला.

"बाबा," तो सावकाश म्हणाला, "हे आयर्लंड आहे."

"अहो जावईबापू, आयर्लंडच आहे की. उत्तर आयर्लंड."

"नाही. नुसतं आयर्लंड. डब्लिनवालं. हे युरो आहेत. ती पेटी इंग्रजांच्या काळातली असणार."

"असं कसं होईल? आपण उत्तरेला आलोय." बाबांनी खिडकीतून सूर्य बघितला. मग टेबलावर बोटानं नकाशा काढायला लागले. खाडी इकडे, डेरी इकडे. बोट वर वर गेलं आणि थांबलं. "म्हणजे उत्तर आयर्लंडच्या उत्तरेला दक्षिण आयर्लंड आहे?"

"तसं दिसतंय."

"नकाशात आहे ते तसं," ते हळूच म्हणाले. "मी काढलाय हा नकाशा. कितीदा काढलाय. डोक्यात कधी आलं नाही."

आईला अजून प्रश्न काय आहे तेच कळलं नव्हतं. बाबांना कळला होता. त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला.

"आमच्याकडे ह्या देशाचा व्हिसा नाही."

नवरा आणि मी ब्रिटिश, आम्हाला इथं यायला आडकाठी नव्हती. पण आई-बाबांचा व्हिसा ब्रिटनचा. एका टेबलाभोवती आम्ही चौघं, एकाच घरातली, एकाच किटलीतला चहा पुढ्यात घेतलेली, आणि दोघंजण रीतसर तर दोघंजण विनापरवाना. त्यांना कुणी अडवलं तर मी काय बोलणार? पुढच्या वर्षी त्यांचा व्हिसाच नाकारला तर? मी डोळ्यांनी दारातून रस्त्यावर पोलीस शोधायला लागले. बाहेर एक कुत्रं झोपलं होतं.

"पोलीस चौकी कुठं आहे?" बाबांनी विचारलं. "जाऊन सांगू या. चूक झाली म्हणून सांगू. मी आयुष्यात एसटीत विनातिकीट बसलो नाही."

"बाबा, अहो, चौकीत जाऊन काय सांगणार?" नवरा म्हणाला. "त्यांनी कागद मागितले तर उगाच वाढेल. कुणीच बघितलेलं नाही आपल्याला."

"बघितलं नाही म्हणून आलो नाही असं होतं का?"

आमचे आवाज चढलेले बघून ती बाई आली. चहात काही बिघडलंय का, तिनं विचारलं. बाबा उठून उभे राहिले, वर्गात तपासनीस आल्यासारखे, आणि तोलून मापून इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आम्ही चुकून तुमच्या देशात आलो आहोत."

तिला ते कळलं नाही. मी समजावून सांगितलं. ती मोकळेपणानं हसली, पण बाबांच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर हसू आवरलं तिनं. "खरं सांगू? मला काहीच माहीत नाही," ती म्हणाली. "माझ्या बहिणीला विचारते, ती डेरीत ऑफिसात आहे." तिनं फोन लावला. बहीण म्हणाली, काही होत नाही, सगळे येतात-जातात. आम्ही श्वास सोडला. बाबा बसले. पाच मिनिटं गेली नसतील तोच बहिणीचा उलटा फोन आला. तिच्या नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. बाहेरच्या देशातल्या पाहुण्यांचं तसं नसतं, त्यांना आधी परत न्या.

"आता कुणाचं खरं?" आईनं मला मराठीत विचारलं.

"ती रेषा नक्की कुठं आहे?" बाबांनी त्या बाईला विचारलं.

"पेट्रोल पंपाच्या अलीकडे," ती म्हणाली. मग थोडी अडखळली. "का पलीकडे? मी लहान असताना तिथं सैनिक असायचे. बस थांबवायचे, वडिलांना खाली उतरवायचे. तेव्हा बरोबर माहीत होतं. आता काहीच नाही तिथं." एवढं बोलून ती एकदम दुसऱ्या टेबलाकडे गेली आणि ते पुसायला लागली, ते स्वच्छ होतं तरी.

आई म्हणाली, "अहो, आलोच आहोत तर टोक बघून जाऊ. एवढं दारापर्यंत येऊन मागं फिरायचं? दोन पावलं पुढं गेलं तर काय गुन्हा दुप्पट होतो?"

"इथवर आलो ते चुकून," बाबा म्हणाले. "इथून पुढं गेलो तर समजून-उमजून."

ह्यावर नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. निर्णय माझा होता, कारण आई-वडील माझे. टोक बघायची बाबांची इच्छा मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती, आणि भीतीही दिसत होती, आणि दोन्हीतलं मोठं काय ते काही केल्या ठरेना. "परत जाऊ," मी म्हटलं. आईनं आपला चहा संपवला, मग बाबांचाही संपवला, आणि गाडीत जाऊन बसली.

बाबा पुढे बसले, मांडीवर पासपोर्ट. "रेषा आली की सांगा हं." नवरा हो म्हणाला. पेट्रोल पंप आला. एक नव्हे, तीन आले. गाड्या इकडून तिकडे, तिकडून इकडे चालल्या होत्या. कुणी वेगसुद्धा कमी करत नव्हतं.

"आलो का?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

फोन अजून आयर्लंडच म्हणत होता. मग किलोमीटरऐवजी मैलांतली पाटी दिसली आणि नवरा म्हणाला, "आता आलो." बाबांनी पासपोर्ट कोटाच्या आतल्या खिशात घातला. पुढच्या वळणावर खांबांवर पुन्हा ते हिरवे-पांढरे-केशरी झेंडे लागले, आणि मागून आई म्हणाली, "कसले आलो? अजून तिकडेच आहोत की." बाबांचा हात परत खिशाकडे गेला.

मालकीणबाई दारातच होत्या. "कसं होतं टोक?"

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "फार सुंदर, मॅडम. फार सुंदर." आणि जिना चढून वर गेले. माझ्या वडिलांना मी त्याआधी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. जिन्याखाली उभी राहून मी आईकडे बघत होते आणि आई माझ्याकडे.

घरी परतल्यावर नवऱ्यानं व्हिसाची कामं करणाऱ्या एका मित्राला विचारलं. मित्र म्हणाला, काही देशांच्या पाहुण्यांसाठी ब्रिटन आणि आयर्लंड ह्यांनी आपसात ठरवलेलं आहे. व्हिसावर तशी खूण असेल तर ब्रिटनला उतरलेला पाहुणा आयर्लंडलाही जाऊ शकतो. बाबांनी भिंग मागितलं. खूण होती. दोघांच्याही व्हिसावर होती.

"बघा," आई म्हणाली. "टोक बघता आलं असतं."

"तेव्हा माहीत नव्हतं ना. माहीत नव्हतं म्हणजे तेव्हा ते चूकच होतं."

"परवानगी होती तर चूक कशी?"

"परवानगी होती, पण आपण परवानगी घेऊन गेलो नव्हतो."

दोघंही मला विचारू लागले, तूच सांग. मला दोघांचंही पटत होतं. आतल्या आत मला आणखी एक गोष्ट खात होती. मी तेव्हा तिथंच फोनवर नीट शोधलं असतं तर? पण तेव्हा मला फक्त ते दोघं दिसत होते, परदेशात, माझ्यामुळे.

सांगलीला परतल्यावर आई भिशीच्या बायकांना सांगते, लंडन झालं, स्कॉटलंड झालं, आयर्लंडही झालं. बाबा आयर्लंड म्हटलं की मान हलवतात. शिक्का नाही, टोक बघितलं नाही, चहासुद्धा घेतला नाही, मग गेलो कसं म्हणायचं? एकाच घरात, एकाच सोफ्यावर बसून दोघं दोन गोष्टी सांगतात आणि ऐकणाऱ्यांना वाटतं की दोन वेगवेगळ्या सहली होत्या.

मागच्या रविवारी बाबांचा फोन आला. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी शिकायला डब्लिनला निघालीय. तिला सुट्टीत लंडन बघायचं आहे. "तिथून इकडे यायला तिला वेगळा व्हिसा लागेल का गं?"

मी विचार केला. पाहुण्यांचं मला आता माहीत झालं होतं, पण ही तर विद्यार्थिनी. इकडून तिकडचं ऐकलं होतं, तिकडून इकडचं नाही. "बाबा, मला खरंच माहीत नाही."

"अगं, पण तू तिकडची ना?"

"विचारून सांगते," मी म्हटलं. फोन ठेवला आणि नवऱ्याच्या त्या व्हिसावाल्या मित्राचा नंबर शोधायला लागले.